तान्ह्या पोळ्याचं कार्ड घरीच बनवा, ठसा अन् वॉटरकलर पेन्सिलने

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लाकडी बैल सजवून मिरवायचा लहान मुलांचा सण. त्याच्या कार्डासाठी नागपूरच्या सीताबर्डीत स्टेशनरी घ्यायला गेलात तर कागद ३०० जीएसएमचाच (म्हणजे जाड) मागा, पातळ ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की वाकडा होतो. ए४ मधोमध दुमडला की ए५ चं कार्ड तयार, फक्त आधी स्केल लावून रिकाम्या रिफिलने रेघ ओढा नाहीतर घडी फाटल्यासारखी दिसते.

ठसा विकतच पाहिजे असं नाही, मोठ्या खोडरबरवर लाकडी बैल काढून कटरने कोरा (अक्षरं असतील तर उलटी). खरी गडबड शाईची आहे बरं का! ऑफिसच्या स्टॅम्प पॅडची शाई पाण्याने पसरते अन् बैल जांभळा होऊन बसतो, म्हणून वॉटरप्रूफ पिगमेंट शाईच घ्या, अन् श्रावणात हवा दमट असते तर ठसा मारून रात्रभर वाळू द्या, घाई करू नका.

मग वॉटरकलर पेन्सिल (पाणी लागलं की हिचा रंग विरघळतो) ठशाच्या फक्त आतून कडेकडेने फिरवा, ब्रश ओला करून कपड्यावर टिपून घ्या अन् कडेपासून मध्याकडे न्या, रंग आपोआप फिका होत जातो. झुलीला पिवळा-केशरी मस्त दिसते. दोनपेक्षा जास्त रंग एकमेकांवर चढवले की मात्र चिखल होतो.