टँकची रेती बदला, पण फिल्टर धुवू नका

आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी माशांचा 3 फुटी टँक आहे. 3 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरला तर 100 लिटरच्या थोडं वर पाणी. तळाला निळे-गुलाबी खडे होते, पोट्टीच्या हट्टापायी आणलेले. मग सहा कोरी (मिशीवाले छोटे कॅटफिश) आणल्या. हे मासे दिवसभर तळ उकरत फिरतात, आणि त्या टोकदार खड्यांवर त्यांच्या मिशा झिजून राहिल्या होत्या. म्हणून बारीक रेती टाकायचं ठरवलं.

पहिल्या वेळी मी दिवाळीची सफाई काढावी तशी काढली. खडे फेकले, काचा घासल्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईस्तोवर पिळला. टँक असा चकाचक, की शेजारच्या काकू पाहायला आल्या. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन आ वासू लागले आणि आठवड्यात निम्मे गेले. चूक सगळी माझी. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू खड्यांवर आणि स्पंजावर चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतात. मी त्यांची दोन्ही घरं एकाच दिवशी पाडली.

आता आधी मुहूर्त. मे महिन्यात हे काम काढूच नका बाप्पा. इथे पारा 45 च्या आसपास जातो, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहा करण्याइतकं तापतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा घातकपणाही वाढतो. मी डिसेंबरातला रविवार धरते, सकाळी.

रेती बांधकामाची चालते, पण चाळून घ्या. माझ्या घमेल्यात खिळे निघाले होते, सिमेंटची ढेकळंही. मग चमचाभर कोरड्या रेतीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर त्यात चुना आहे, पाणी जड करेल. ती रेती कुंड्यांना द्या. माझ्या टँकला 2 इंच थरासाठी 20-22 किलो लागली. आदल्या दिवशीच धुवायची, तीही थोडी थोडी, निवळ पाणी येईपर्यंत. माझी बारा पाणी झाली आणि कंबर गेली.

त्या आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नका.

सकाळी आधी हीटर बंद करा. पाणी उतरलं की गरम हीटर उघडा पडून तडकतो. मग मोठ्या बादल्यांत टँकचंच पाणी काढून ठेवा, निम्म्याहून जास्त. पाणी वीतभर राहिलं की मासे सहज सापडतात, जाळी घेऊन मागे धावावं लागत नाही. माशांच्या बादलीत तोच मळका स्पंज फिल्टर एअर पंपावर चालू ठेवा: माशांना हवा मिळते, जिवाणूही जगतात. बंद पडलेल्या स्पंजातले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. वर ताट झाका, पण फट ठेवा. आमच्या एका गप्पीने झाकण नसताना थेट मोरीत उडी घेतली होती.

मासे आत असताना खडे उपसायचे नाहीत. जुन्या थराखाली काळा गाळ साचलेला असतो, सडक्या अंड्याचा वास मारतो. तो ढवळला की विषारी वायू पाण्यात मिसळतो. जुन्या खड्यांतले दोन-तीन किलो मात्र टाकू नका. कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरून, टँकच्या पाण्यात खळखळून, नव्या रेतीवर एका कोपऱ्यात महिनाभर ठेवा. दिसायला वाईट दिसतं. आमच्या यांनी 'हे गाठोडं कोणाचं?' असं दोनदा विचारलं.

रेती पसरल्यावर तिच्यावर ताटली ठेवून पाणी ताटलीवर ओता, नाहीतर सगळं ढवळून निघतं. आधी जुनं पाणी, मग कमी पडेल तेवढं नवं. आपल्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी क्लोरीनचं येतं, म्हणून अँटीक्लोरीन टाकलेलं आणि जुन्या पाण्याइतकंच कोमट. पाणी थोडं गढूळ असलं तरी मासे सोडता येतात. मोटरचा फिल्टरही असेल तर तो मात्र रेती बसल्यावरच लावा, कण आत गेले तर पंखा झिजतो.

पुढचे दहा दिवस खाणं चिमूटभर, एक दिवसाआड. अमोनिया आणि नायट्राइटचा टेस्ट किट घ्या आणि रोज बघा. दोन्हींपैकी काहीही दिसलं की पाव टँक पाणी बदला. या वेळी माझ्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी अमोनियाचा हलका रंग आला होता, दोन वेळा पाणी बदलल्यावर गेला. मासे एकही नाही गेले. कोरींच्या मिशा हळूहळू परत फुटू लागल्या आहेत.