पिल्लाला ब्रिटनला आणायचंय? आधी दिवस मोजा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेली मंडळी घरी येतात तेव्हा आधी घरभाडं, शाळा, डॉक्टरांकडे नोंदणी याच्या चौकशा होतात. निघताना, चपला घालता घालता, कुणीतरी जरा चाचरत विचारतं, ‘आमचं एक पिल्लू आहे हो तिकडे. ते आणता येईल का?’ येतं. मी आमची कुत्री गोदा पुण्याहून आणली, आता ती दहा वर्षांची आहे आणि हे लिहिताना पायाशी घोरते आहे. म्हणून ‘कशाला त्या भानगडीत पडता’ असं मी कुणाला म्हणणार नाही. मात्र या कामात पैशांपेक्षा तारखा जास्त अडवतात, आणि एक तारीख चुकली तर पुढच्या सगळ्या घसरतात.

तेव्हा आधी कॅलेंडर घेऊन बसा. पिल्लाला मायक्रोचिप बसवायची. त्यानंतर रेबीजची लस, आणि तीही पिल्लू बारा आठवड्यांचं झाल्याशिवाय धरली जात नाही. भारत ब्रिटनच्या मान्य देशांच्या यादीत नाही. त्यामुळे लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचं. त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडीजचं, प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ युनिट यायला हवं. रिपोर्ट चांगला आला तरी रक्त घेतल्याच्या दिवसापासून पूर्ण तीन महिने थांबायचं. बारा आठवडे, ३० दिवस आणि तीन महिने यांची बेरीज केलीत की दिसेल: भारतातून येणारं पिल्लू इथे उतरतं तेव्हा जवळजवळ सात महिन्यांचं झालेलं असतं. दोन महिन्यांचं, ओंजळीत मावणारं पिल्लू भारतातून सरळ मार्गाने इथे येऊच शकत नाही. कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर तो माणूस कागद खोटे करणार आहे असं समजा आणि लांब राहा.

दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेतून इथे बदली होऊन येणाऱ्यांचं जरा सोपं असतं. ते देश यादीत आहेत, तिथून रक्ततपासणी लागत नाही. चिप, लस आणि लसीनंतर २१ दिवस, एवढ्यावर वाट बघणं भागतं.

तीन महिने कशाला, हा प्रश्न मलाही छळायचा. रिपोर्ट हातात आहे, लस लागू पडली आहे, मग अडवता कशाला? उत्तर त्या रोगातच आहे. प्रतिपिंडं दिसली म्हणजे लस लागू पडली एवढंच कळतं. लसीच्या आधीच त्या जनावराला पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागला असेल तर ते त्यातून कळत नाही. रेबीज अंगात आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि लक्षणं दिसली की उपाय उरत नाही. थांबण्याचा काळ त्यासाठी आहे. या देशाने रेबीज १९०२ मध्ये घालवला होता, पण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परतणाऱ्या सैनिकांनी आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परत आला आणि पुन्हा संपवायला १९२२ उजाडलं. पुढे कितीतरी दशकं बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. २००० मध्ये चिप, लस आणि रक्ततपासणीची पद्धत सुरू झाली, तेव्हा ठरावीक देशांपुरतं ते थांबलं, आणि भारतासारख्या यादीबाहेरच्या देशांसाठी २०१२ मध्ये. आज आपलं कुत्रं तपासणी झाली की त्याच दिवशी घरी येतं. कोंडवाड्यातल्या सहा महिन्यांच्या जागी हे तीन महिने ते आपल्या माणसांत काढतं, असं धरा म्हणजे वाट बघणं सोपं जातं.

आता चिपचं. चिप आधी आणि लस नंतर. दोन्ही एकाच दिवशी चालतं, पण क्रम हाच. चिपच्या आधी दिलेली लस इथे मोजलीच जात नाही. आमच्या गोदाच्या बाबतीत नेमकं तेच झालं. ती आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली जन्मलेली. बारा आठवड्यांची झाल्यावर आम्ही तिला लस टोचून घेतली. त्या दवाखान्यात चिप संपल्या होत्या. ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले, आम्ही गेलो, चिप बसवली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे रक्त दिलं, रिपोर्ट उत्तम आला, तीन महिने सरत आले आणि विमानाचे कागद लावताना एजंटने लसीची तारीख आणि चिपची तारीख शेजारी शेजारी ठेवून दाखवली. नऊ दिवसांचा फरक. लस पुन्हा, ३० दिवस पुन्हा, रक्त पुन्हा, तीन महिने पुन्हा. गोदा वर्षाची होऊन आली. म्हणून सांगते, दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून लसीचं पुस्तक वाचा. चिपचा पंधरा आकडी नंबर, ती बसवल्याची तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, लसीची तारीख, पुढचा डोस कधी, डॉक्टरांची सही आणि शिक्का. प्रत्येक भेटीत डॉक्टरांना यंत्र फिरवून चिप वाचायला लावा. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर तोच नंबर आला आहे ना, तेही आकडा आकडा ताडून बघा. आणि वाट बघण्याच्या काळात लसीची मुदत संपू देऊ नका, नाहीतर तेच चक्र पुन्हा.

आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त अडकवणारा नियम मात्र वेगळाच आहे. आपण नोकरीसाठी आधी येतो आणि पिल्लू आई-बाबांकडे ठेवतो, ‘कागद झाले की कार्गोने पाठवा’ असं सांगून. पाळीव प्राण्यांच्या प्रवासाच्या नियमात मालकाचा प्रवास आणि प्राण्याचा प्रवास यांत पाचपेक्षा जास्त दिवसांचं अंतर चालत नाही. तुम्ही मार्चमध्ये आलात आणि पिल्लू जुलैमध्ये आलं, तर ते तुमचं घरचं पिल्लू राहत नाही, व्यापारी आयातीचे नियम लागतात, आणि त्याचे कागद आणि तपासण्या निराळ्या. पिल्लाबरोबर दुसऱ्या कुणाला लेखी परवानगी देऊन पाठवता येतं, पण तुमचा स्वतःचा प्रवास त्या पाच दिवसांत असावाच लागतो. मी गोदासाठी आठ दिवसांची रजा काढून परत गेले आणि तिच्याबरोबर आले. तिकिटाचा हा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा.

याच नियमाचा दुसरा भाग असा की प्राणी विकायला किंवा दुसऱ्याच्या नावावर करायला आणत नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे परदेशातल्या ब्रीडरकडून पिल्लू विकत घेऊन ‘आमचंच आहे’ म्हणून आणणं, किंवा मैत्रिणीसाठी येता येता एक पिल्लू घेऊन येणं, दोन्ही या नियमात बसत नाही. अगदी लहान पिल्लूच हवं असेल तर ते इथेच घ्या. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्लं मधल्या विक्रेत्याने विकण्यावर बंदी आहे. ज्याच्याकडे पिल्लं जन्मली त्याच्याच घरी जाऊन, आईजवळ बसलेलं पिल्लू बघून घ्यायचं. गाडीतळावर भेटून पिल्लू देतो म्हणणाऱ्याकडून कधीही घेऊ नका. पूर्व युरोपातून दोन-दोन दिवस गाडीत कोंबून आणलेली, लसही न झालेली पिल्लं अशीच खपवतात आणि त्यातली कित्येक जगत नाहीत.

ते मधले महिने पिल्लू कुणाकडे काढणार, याचा विचार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुतेकांचा राहून जातो. पिल्लाचा स्वभाव पहिल्या तीन-चार महिन्यांत घडतो. माणसं, आवाज, गाड्या, अनोळखी हात यांची सवय तेव्हाच लागते, आणि नेमका तो काळ ते तुमच्याजवळ नसणार. माझ्या आईने गोदाला सांभाळलं, आणि तिने केलेल्या एका गोष्टीसाठी मी तिची कायमची ऋणी आहे. क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, तिने प्रवासाच्या आदल्या दिवशी आणला नाही, चार महिने आधी आणून स्वयंपाकघरात मांडला. आधी दार काढून ठेवलेलं. आत जुनी साडी अंथरलेली, जेवणाची ताटली आत. मग दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग अख्खी रात्र. गोदा विमानात चढली ती स्वतःच्या घरात बसूनच.

शेवटच्या दहा दिवसांत धावपळ असते. ब्रिटनसाठीचं आरोग्य प्रमाणपत्र निघाल्यापासून दहा दिवसांच्या आत इथे पोचावं लागतं. भारतातून निघताना एक्यूसीएस, म्हणजे प्राणी क्वारंटाइन आणि प्रमाणन सेवेच्या कार्यालयाची परवानगी लागते, मुंबईत त्यांचं केंद्र आहे. तिथली वेळ आधी ठरवा आणि मग तिकीट पक्कं करा. पट्टकृमीचं औषध इथे उतरण्याच्या आधी २४ ते १२० तासांच्या मध्ये, डॉक्टरांच्याच हातून द्यायचं. त्यात प्राझिक्वान्टेल असावं आणि प्रमाणपत्रावर तारखेसह वेळही लिहिलेली असावी. विमानाला उशीर झाला तर १२० तास उलटू नयेत म्हणून आम्ही ते साधारण अडीच दिवस आधी दिलं.

ब्रिटनला येणाऱ्या विमानात कुत्रं तुमच्या सीटखाली बसू शकत नाही, मार्गदर्शक कुत्र्यांचा अपवाद सोडला तर. ते कार्गोने आणि ठरलेल्या विमानतळांवरच येतं. हीथ्रोवर उतरल्यावर त्याला प्राणी स्वागत केंद्रात नेतात. ते सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन चालवतं. तिथे चिप वाचतात, कागद ताडतात आणि मग आपल्या हाती देतात. यात काही तास जातात, तेव्हा लगेच कुठे जायचा बेत ठेवू नका. क्रेटमध्ये त्याला मान ताठ ठेवून उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे. झोपेचं औषध देऊ नका, उंचावर श्वास आणि रक्तदाब बिघडतो. पग, बुलडॉग, बॉक्सर यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत, म्हणून त्यांचं आधी विचारा. आणि कागदांत खोट निघाली तर कुत्रं चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइनमध्ये किंवा परत. खर्च दोन्हीकडे तुमचाच.

पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली या जाती आणायच्याच नाहीत, त्यांच्यावर इथे बंदी आहे. करमाफीसाठी ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’चा, म्हणजे इथे राहायला येत असल्याचा, अर्ज सामानाबरोबर पिल्लाचंही नाव घालून निघण्याआधीच करा.

घराचं आधी बोला, तेही लेखी. इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू कायद्यामुळे, १ मे २०२६ पासून, प्राणी ठेवण्याची विनंती घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. तरी घर बघतानाच सांगून टाका. कुत्रं आल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची चिप इथल्या नोंदवहीत तुमच्या नावावर आणि इथल्या पत्त्यावर चढवा. भारतात केलेली नोंद इथे शोधणाऱ्याला दिसत नाही. गळ्यातल्या पट्ट्याला तुमचं नाव आणि पत्ता असलेला बिल्ला हवा, तोही कायदाच आहे.

आणि पहिल्याच आठवड्यात इथल्या व्हेटला स्पष्ट सांगा की हे कुत्रं भारतातून आलं आहे. गोचिडाचा ताप, म्हणजे एर्लिकिया आणि बबेसिया, आपल्याकडच्या डॉक्टरांना रोजचा असतो, पण इथल्या व्हेटच्या मनात तो पटकन येत नाही. आल्यानंतर सात महिन्यांनी गोदा खाईना, हिरड्या पांढऱ्या पडल्या. मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लक्षणं ऐकताच नाव घेतलं, ते मी कागदावर लिहून इथे नेलं, आणि तपासणीत तेच निघालं. तो कागद अजून तिच्या फाइलमध्ये, लसीच्या पुस्तकाला टाचलेला आहे. निघण्याआधी तिकडेच रक्त तपासून घेतलंत तर तो रिपोर्टही बरोबर आणा.