गोडी छाटणीची तयारी : कात्रीआधी काडी तपासा

द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, सतराव्या दिवशी बागेत शिरलो. फुटी चार-पाच पानांवर आल्या होत्या. पहिली फूट हातात धरून वळवली, तर पानासमोर जिथे घड दिसायला हवा तिथे बाळी, म्हणजे वेलाचा नुसता ताणा. दुसरी पाहिली, बाळी. तिसरीला घड होता, पण तुरीच्या दाण्याएवढा, दोन दिवसांत जिरणार हे दिसतच होतं. अख्खी ओळ संपेपर्यंत चालत गेलो आणि बांधावर बसून राहिलो. सगळी छाटणी सातव्या डोळ्यावर (काडीच्या बुडापासून सातव्या अंकुरावर) घेतली होती, कारण आधीची दोन वर्षं तिथेच माल निघाला होता. काडी तपासून घेतली नव्हती. एवढंच राहिलं होतं, बाकी सगळं केलं होतं.

म्हणून यादीत पहिलं काम काडी तपासणी, म्हणजे कितव्या डोळ्यात घड आहे हे प्रयोगशाळेतून पाहून घेणं. शेवटचंही तेच समजा.

आधी कारण सांगतो, म्हणजे कुणी टाळणार नाही. आपल्या हवेत वेल थंड प्रदेशासारखा पूर्ण झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलात खरड छाटणी (काडी तयार करण्यासाठीची) घेतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी. घड ऑक्टोबरात तयार होत नाही. तो खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या सुमारास डोळ्याच्या आत, नुसत्या नजरेला दिसणार नाही इतका सूक्ष्म, बनलेला असतो. त्या दिवसांत ऊन चांगलं मिळालं, नत्र आणि पाणी हाताबाहेर गेलं नाही, तर घड. मेअखेरीस आभाळ भरून राहिलं, कॅनॉपी (पानांचा पसारा) दाट झाली, काडीवर सावली पडली, तर त्याच जागी बाळी. त्यामुळे घड कितव्या डोळ्यात आहे हे दर वर्षी बदलतं, प्लॉटगणिक बदलतं आणि एकाच प्लॉटमध्ये सरळ काडी आणि सबकेन (शेंडा खुडल्यावर काडीतून फुटलेली पोटकाडी) यांतही बदलतं. सबकेनवर बहुधा गाठीच्या आसपासचे डोळे चांगले निघतात, पण ‘बहुधा’वर वर्षाचं पीक लावू नका.

आणि काडी जिथे कापता तिथले वरचे एक-दोन डोळेच जोरात फुटतात, खालचे दबून राहतात. घड पाचव्यात असेल आणि तुम्ही आठव्यावर कापलं, तर वांझ आठवा-सातवा फुटतो आणि भरलेला पाचवा झोपून राहतो. माझं हेच झालं. नंतर राहिलेल्या काड्या दाखवल्या तेव्हा घड चौथ्या-पाचव्यात निघाले. बागेत घड होते, मीच त्यांना फुटू दिलं नाही.

नमुना कसा घ्यायचा यातही चूक होते. रस्त्याकडेच्या ओळीतल्या दोन जाड काड्या तोडून नेणं म्हणजे तपासणी नव्हे. मी आता एकरी २० काड्या घेतो : बागेच्या चारही अंगांनी आणि मधून, जाड, मध्यम, बारीक अशा तिन्ही, सरळ काडी वेगळी आणि सबकेन वेगळी. काडी बुडापासून तोडायची, कारण डोळे बुडापासून मोजले जातात. वरून अर्धी तोडून नेली तर अहवालातला पाचवा डोळा नक्की कोणता हेच कळत नाही. पानं काढून टाका, देठ राहू द्या, ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, पिशवीवर प्लॉट, वाण आणि खरड छाटणीची तारीख लिहा. त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी नमुना गेलेला हवा. हंगामात सगळ्यांच्याच काड्या येतात, अहवालाला वेळ लागतो, आणि इकडे मजुरांची टोळी दारात उभी असली की माणूस म्हणतो, जाऊ दे, कापा सातव्यावर. तसं करू नका. टोळी एक दिवस थांबवा. कापलेला डोळा परत काडीला लागत नाही.

अहवाल हातात आला की तो खिशात ठेवायचा नाही. कापणाऱ्या प्रत्येक माणसाला काडी हातात धरून डोळा मोजून दाखवायचा. पहिल्या दहा वेलींवर स्वतः उभं राहायचं. ‘पाचवा’ म्हणताना कुणी बुडाचा बारीक डोळा धरतो, कुणी सोडतो. एका डोळ्याचा फरक म्हणजे पुन्हा तेच. घड कमी आहेत असा अहवाल आला तर काड्या जास्त राखा आणि विरळणीत (जादा फुटी काढताना) हात आखडता ठेवा. अहवाल चांगला आला म्हणजे घड हातात आला असंही नाही, काडीत अन्नसाठा कमी असेल किंवा छाटणीनंतर पाऊस लागला तर घड जिरतो. पण आत घड आहे की नाही हे तरी कळतं.

आता बाकीचं. माती आणि पाणी तपासून घ्या. बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा वरंबा) हलवून शेणखत टाका, पांढरी म्हणजे नवी मुळी चालू आहे का पाहा. ड्रिपच्या लॅटरल (नळ्या) धुवा, तारा ओढा, हे सांगायला नको.

पानगळ छाटणीच्या साधारण १५ दिवस आधी. काहीजण नुसतं पाणी तोडतात, काहीजण हाताने पानं काढतात, बरेचजण इथेफॉनची फवारणी घेतात, लिटरला २ ते ३ मिली. पानं आधीच रोगाने गळालेली असतील तर औषधाची गरज नाही. पानगळीचा फायदा असा की डोळे फुगायला लागतात आणि फूट एकसारखी येते. गळलेली पानं मात्र बागेबाहेर काढून गाडा. डाउनी (केवडा) या बुरशीच्या रोगाचं बीज त्यातच राहतं, आणि आगाप (लवकर) छाटणी घेणाऱ्या सटाणा-कळवणकडच्या लोकांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पानं काढल्यावर १ टक्का बोर्डो, म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, खोड-ओलांडे (खोडावरच्या आडव्या फांद्या) धुऊन निघतील असं मारा. (पानगळीच्या गडबडीत नमुन्याची तारीख जाते. माझी तशीच गेली होती. पानगळ करताय म्हणजे काड्या तोडायची वेळ झाली.)

कात्र्या धारेला लावा. बोथट कात्रीने काडी चिरते. रोगट वेल कापला की कात्री जंतुनाशकात बुडवून घ्यायची, त्यासाठी बादली जवळ असू द्या.

पेस्टिंगचं, म्हणजे डोळा फुटावा म्हणून त्याला लावायचं, हायड्रोजन सायनामाइड आधी आणून ठेवा. छाटणीनंतर २४ ते ४८ तासांत लागलं पाहिजे. काडी आठ-दहा मिमी जाड असेल तर लिटरला ३० ते ४० मिली, थंडी जास्त असेल तर वरच्या मात्रेकडे. ज्या डोळ्याला फोडायचं त्यालाच लावा, सगळ्या काडीला फासू नका. आणि हा धडा अजून मजुरांना नीट कुणी सांगत नाही : हे औषध लावणाऱ्याने आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारूला हात लावायचा नाही. शरीरात दोन्ही एकत्र आलं की माणूस लालबुंद होतो, छातीत धडधडतं, दवाखान्यात न्यावं लागतं. रबरी हातमोजे द्या, कापडी नाही. माणसं ठरवतानाच दारूबद्दल विचारा.

पेस्टिंग म्हणजे डोळा निवडणं झालं. कोणता डोळा, हे अहवालावरून. अहवाल नसेल तर तुम्ही वांझ डोळ्याला पैसे घालून जागं करताय.

इथून पुढे भराभर. पावसाचा अंदाज रोज पाहा, तीन ते पाच पानांवर डाउनी पटकन धरतो, औषधं घरात हवीत, पाऊस आल्यावर दुकानात नाही. भुरी रोगाचंही तसंच, ती कोरड्या ढगाळ हवेत येते.

विरळणी फुटीला घड स्पष्ट दिसला की करा, साधारण पंधरा ते अठराव्या दिवशी. वांझ फेलफुटी, एकाच जागेच्या जोडफुटी, आत वळलेल्या काढा. हाताने निघतात, उशीर केला की कात्री लागते आणि जखम मोठी होते. फुलोरा ३५ ते ४० दिवसांच्या सुमारास येतो, त्याआधी घडाभोवती वारा खेळला पाहिजे. मी दीड चौरस फुटाला एक घड धरतो. जास्त ठेवायचा मोह होतो, मणी फुगत नाहीत.

डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), जीएचं (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं) वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं, वाणाप्रमाणे ठरवा, थॉमसनचं सोनाकाला चालत नाही.

खरड छाटणीची तारीख वहीत शोधा, छाटणीची तारीख ठरवा, तिच्यातून दहा दिवस वजा करा आणि त्या तारखेवर ‘काड्या’ असं लिहून कॅलेंडर दारावर लावा. पिशव्या आजच आणून ठेवा.