पवन मावळात माउंटन बाइक: गाडीवाटेवरची पहिली फेरी कशी मारावी

कामशेतहून पवनानगरकडे निघालं आणि बेडसे लेण्यांच्या डोंगराची सोंड ओलांडली की पवनेचं खोरं समोर उघडतं. तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर असे चार किल्ले, मधे धरणाचं पाणी, आणि पाण्यापासून डोंगराच्या कुशीपर्यंत आधी भातखाचरं, मग रान. माउंटन बाइक घेतली पण ती डांबरावरच फिरते आहे, अशांनी पहिल्यांदा इथे यावं. कामशेत पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर आहे आणि तिथून पवनानगर सुमारे १५ किलोमीटर, म्हणजे अंग मोकळं व्हायला पुरेसं.

कधी जावं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. तोवर भाताची कापणी उरकलेली असते, ओढे घोट्याएवढे उतरलेले असतात. पावसाळ्यात हे खोरं सुंदर दिसतं, हे खरं. पण तेव्हा चिखल चाकात आणि चौकटीत इतका गच्च बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि ओल्या वाटेवर चाकानं पडलेल्या चरातून पुढे पाणी वाहून वाटच खचते. जूनपासून कापणीपर्यंत इथली वाट गावकऱ्यांना राहू द्या.

वाट कशी शोधावी

सायकलसाठी पाट्या लावलेल्या तयार वाटांच्या शोधात वेळ घालवू नका. जुनी गाडीवाट शोधा. बैलांना भरली गाडी ओढता येईल असाच तिचा चढ ठेवलेला असतो, म्हणून तो तुमच्याही पायांना झेपतो. पायवाट माणसाच्या पायानं पडलेली असते. ती सरळ वर चढते, दगडांच्या पायऱ्या करते, आणि नवख्याला तिथे सायकल ढकलण्यापलीकडे काही करता येत नाही. उपग्रह नकाशा मोठा करून पाहिलात तर गाडीवाट दोन समांतर रेघांची दिसते, पायवाट एका बारीक धाग्यासारखी.

पहिली फेरी १५ ते २० किलोमीटरची पुरे, त्यातलं निम्मं डांबर असलं तरी चालेल. चढ आधी, उतार शेवटी, आणि कुठूनही तासाभरात डांबरी रस्ता गाठता येईल अशी आखणी करा. मग गावात थांबून विचारा. "मामा, ही वाट खाली पाण्याकडं जाते का?" एवढं विचारलं की पुढचं सगळं कळतं: ओढ्याला पाणी किती आहे, कुंपण कुठे घातलंय, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं अंगावर येतं. "सायकल नाय जायची तिकडनं" असं उत्तर आलं तर ते माना.

विचारण्याला इथे आणखी एक कारण आहे. १९७२ साली पवना धरण पूर्ण झालं, त्यात इथल्या अनेकांच्या जमिनी गेल्या. याच नदीचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. इथल्या माणसासाठी जमिनीचा तुकडा म्हणजे काय, हे मनात ठेवून त्याच्या शेतातून वाट मागावी.

सायकलची तयारी

सगळ्यात मोठा फरक पडतो तो हवेनं. डांबरावर टायरमधल्या हवेचा दाब ४० पीएसआय (पंपावरच्या दाबाचा आकडा) ठेवत असाल तर गाडीवाटेवर उतरताना सव्वादोन इंची टायर आणि सत्तरेक किलो वजनासाठी पुढे २६, मागे ३० च्या आसपास आणा. टायर दगडाला धरून बसतो, उसळत नाही. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

सोबत दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, चेन जोडायचं साधन आणि तीन लिटर पाणी. हेल्मेट आणि बोटं झाकणारे हातमोजे हवेतच, कारण करवंदीच्या जाळ्या वाटेवर ओणवलेल्या असतात.

घराजवळच्या मैदानात दोन रविवार

आधी उभं राहून चालवायला शिका: दोन्ही पेडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपर सैल, नजर चाकापुढे नाही तर चार-पाच मीटर लांब. उतारावर सीट दोन-तीन इंच खाली घ्या आणि कंबर मागे सरकवा. ब्रेकवर एकच बोट. पुढचा ब्रेक सायकल सरळ असताना हळूहळू दाबायचा, वळणात शिरण्याआधी सोडायचा. गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करायचा. अर्ध्या चढावर जोर लावत बदललात तर चेन तुटते.

जमीन वाचणं

बाकी सगळं दोन रविवारांत जमतं, हे जमायला हंगाम लागतो. मला तरी लागला.

सुटा मुरूम उतारावर मोहरीच्या दाण्यांसारखा सरकतो. तिथे ब्रेक आधीच लावून घ्या आणि मुरमावर चाकं मोकळी सोडा. उघडा कातळ कोरडा असेल तर त्याच्यासारखी पकड कुठेच नाही, बिनधास्त जा. पण झऱ्याच्या बाजूला त्यावर काळपट हिरवं शेवाळ असतं. तिथे उतरून चालायचं, मला अजून तरी त्याला दुसरा उपाय सापडलेला नाही.

रानातल्या टप्प्यात पाचोळा. एका फेब्रुवारीत सागाच्या पानांखाली दडलेल्या खुंटानं माझं पुढचं चाक अडवलं, मी हँडलवरून पुढे गेलो आणि मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलं. तेव्हापासून एक गोष्ट पाळतो. गाडीवाटेवर पानं दोन्ही चाकोऱ्यांत साचतात, मधला उंचवटा वाऱ्यानं झाडला जातो. पाचोळ्याच्या दिवसांत त्या उंचवट्यावरून जायचं.

पाण्याजवळचा गाळ सगळ्यात फसवा. धरण उतरत जातं तसा काठ उघडा पडतो, वरून वाळून भेगाळतो, पण पापुद्र्याखाली लोणी असतं. माणसाचा पाय पेलेल, चाक पेलणार नाही. शिवाय त्याच गाळात लोक गाळपेर करतात. हिरवा कोंब दिसला की मागे फिरा. खाचरांच्या बांधांवरूनही चालवू नका. चाकानं ढासळलेला बांध कुणाला तरी पुन्हा घालावा लागतो.

वाटेत

गुरं समोर आली की थांबा, सायकल आपल्या आणि त्यांच्या मधे धरा आणि गुराख्याला आवाज द्या. मागून घंटी वाजवली तर म्हैस बिथरते आणि नेमकी तुमच्या वाटेतच धावते. देवराई लागली तर उतरून, सायकल हातात धरून पार करा. वनखात्याची पाटी असेल तिथे परवानगीशिवाय आत शिरू नका. शेजारच्या ताम्हिणीत तर २०१३ पासून अभयारण्य आहे.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराची सावली खोऱ्यात त्याच्या बरीच आधी उतरते. चारला परतीला लागा. डोंगराआड फोनला रेंज जाते, तेव्हा निघतानाच घरी वाट आणि वेळ सांगून ठेवा. अपघात झालाच तर रेंज मिळेल तिथून १०८ ला फोन करा.

परतल्यावर

सायकल नदीत किंवा धरणात धुऊ नका, ते पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी आहे. घरी चिखल सुकू द्या, ब्रशनं झाडा, चेन पुसून तेलाचे थेंब कडीकडीवर सोडा. वाटेत ट्यूब बदलली असेल तर टायर काढून आतून बोट फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि टोक आत राहतं. ते चिमट्यानं उपटलं नाही तर नवी ट्यूबही पुढच्या रविवारी तिथेच जाते.