स्पॅनिशचा ऑनलाइन होमवर्क आठवडाभर कसा वाटून घ्यावा

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत पदवीसाठी परदेशी भाषेची अट असते आणि आपली बरीच मुलं स्पॅनिश घेतात. वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार. होमवर्क मात्र पुस्तकासोबत मिळणाऱ्या वेबसाइटवर: जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा, ऐकून उत्तरं द्या, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. मुदत बहुतेक वेळा रविवारी रात्री 11:59. पहिल्या सेमिस्टरला मी हे सगळं रविवारी जेवण झाल्यावर उघडायचे. गुण चांगले पडायचे, पण सोमवारी बाईंनी साधा प्रश्न विचारला तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही. पुढे जी पद्धत बसवली, ती इथे लिहिते आहे.

आधी सिलॅबस घेऊन बसा

पहिल्याच आठवड्यात सगळ्या मुदती कॅलेंडरवर उतरवा. प्रत्येक प्रकाराला किती अटेम्प्ट मिळतात, उशीर झाल्यास किती गुण कापतात आणि वेळ कुठल्या टाइम झोनची आहे, तेही टिपून ठेवा. सुटीत घरी आलात तर टाइम झोनचा घोळ हमखास होतो. न्यूयॉर्कमधले रविवार रात्रीचे 11:59 म्हणजे डिसेंबरात पुण्यात सोमवार सकाळचे 10:29.

मग तासांचा हिशोब. अमेरिकेत एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचं एकक) आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन तास धरले जातात. म्हणजे तीन क्रेडिटच्या कोर्सला बाहेरचे सहा तास. पाच दिवसांत वाटले तर रोजचा साधारण सव्वा तास, आणि त्यात वाचन-पाठांतरही आलं. पहिले दोन आठवडे घड्याळ लावून प्रत्येक प्रकाराला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. माझी ऐकण्याची कामं अंदाजाच्या दुप्पट वेळ खायची.

वाटून घेण्यामागे जुना आधार आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरमाळा स्वतः पाठ करून 1885 साली निष्कर्ष छापले. एका दिवशी लागोपाठ 68 वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांत साधलं. शब्द तेवढेच, कष्ट जवळजवळ निम्मे.

कुठल्या दिवशी काय

सोमवारी वर्ग झाला की त्याच संध्याकाळी शब्दांचे स्वाध्याय करा, कान ताजे असतात. मंगळवारी व्याकरण, म्हणजे शंका बुधवारी वर्गात विचारता येते. बुधवारी ऐकण्याची कामं, गुरुवारी रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग शेवटच्या रात्रीवर कधीही टाकू नका. ब्राउझरने मायक्रोफोनची परवानगी अडवली, शेजारची खोली गजबजलेली निघाली, तर मदतीला कुणी नसतं. शनिवारी फक्त चुकलेलं पुन्हा करा आणि रविवार मोकळा ठेवा.

अटेम्प्ट तीन असले तरी एकाच बैठकीत संपवू नका. पहिला पुस्तक मिटून करा, कुठे चुकलं ते वहीत हाताने लिहा, आणि दुसरा दुसऱ्या दिवशी करा. लगेच केलेला दुसरा अटेम्प्ट म्हणजे नुकतंच पडद्यावर दिसलेलं उत्तर टंकणं. हिरवी खूण मिळते, भाषा मिळत नाही.

टिंबं-रेघा पहिल्याच दिवशी

स्वरावरची तिरकी रेघ सुटली की अनेक वेबसाइटी पूर्ण उत्तर चूक धरतात. राग येतो, पण त्यांचं बरोबर आहे. ‘आब्लो’ म्हणताना जोर ‘आ’वर असला तर अर्थ ‘मी बोलतो’. शेवटच्या ‘ओ’वर रेघ देऊन जोर ‘लो’वर नेला की ‘तो बोलला’. एका रेघेने माणूसही बदलतो आणि काळही. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. त्यातल्या ‘एन’वरची नागमोडी रेघ विसरलात तर ‘आनो’ होतं, म्हणजे गुदद्वार, आणि स्वतःचं वय सांगताना ‘आन्यो’च लागतो. विंडोजमध्ये ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ कीबोर्ड बसवा: एकेरी अवतरणाची कळ आणि मग स्वर दाबला की रेघ येते. मॅकवर ऑप्शनसह ‘ई’, मग स्वर. दहा मिनिटांचं काम आहे, सेमिस्टरभर वेळ वाचतो.

मराठीला कुठे वेळ कमी लागतो

वर्गातल्या इंग्रजीभाषक मुलांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे ‘मला पुस्तक आवडतं’. पुस्तकं अनेक झाली की ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, ‘मला पुस्तकं आवडतात’. क्रियापद ‘मला’प्रमाणे नाही, पुस्तकाच्या वचनाप्रमाणे बदलतं, हे त्यांना आठवडाभर पचत नाही. आपण लहानपणापासून तेच बोलतो. भूतकाळातही ‘मी बोललो’ आणि ‘मी रोज बोलायचो’ हा फरक ओळखीचा असल्याने स्पॅनिशचे दोन भूतकाळ समजायला सोपे जातात. तिथे वाचलेला वेळ ‘सेर’ आणि ‘एस्तार’ला द्या. आपलं एकच ‘आहे’ तिथे या दोघांत वाटलं जातं. ती ‘शिक्षिका आहे’ला ‘सेर’, ती ‘दमलेली आहे’ला ‘एस्तार’. ही दोन क्रियापदं मी रोज पाच वाक्यांनी घोटायचे, होमवर्क नसला तरी.

मागे पडलात तर

आजारपण, दुसऱ्या विषयाची परीक्षा, काहीही होऊ शकतं. अशा वेळी जुन्या ढिगापासून सुरुवात करू नका. आधी चालू चॅप्टर करा, नाहीतर वर्गातही काही कळेनासं होतं. जुन्यातलं, उशिरा देऊनही अर्धे गुण मिळतील असं काम रोज वीस मिनिटं घेऊन उरका. शिक्षकांना ईमेल मुदतीच्या आधी पाठवा आणि त्यात नेमके कुठले स्वाध्याय कुठल्या दिवशी देणार ते लिहा.