पीकॉक बाससाठी ॲमेझॉनला निघालात? या चुका टाळा

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. कोल्हापुरात शाळकरी पोरालाही हे आकडे तोंडपाठ असतात. जुलैत सकाळी उठल्या उठल्या आधी पातळी बघायची, मग चहा. तोच कोल्हापूरकर पीकॉक बास हा शिकारी मासा धरायला ब्राझीलला निघतो तेव्हा मात्र आधी दिवाळीची सुट्टी बघतो, मग तिकीट, मग रॉड. नदीला पाणी किती, हे तिथं पोचल्यावर विचारतो. मीही पहिल्या फेरीला हेच केलं. सात दिवसांतले चार दिवस नदी झाडांच्या बुंध्यांत शिरलेली होती आणि मासे तिच्यामागून आत गेलेले होते. तिथं फ्लाय, म्हणजे पिसं-केस बांधलेला नकली आमिषाचा गळ, टाकायला जागाच नव्हती.

पाण्याचं गणित समजायचं तर आधी मासा समजून घ्या. नावात बास असला तरी हा खरा बास नव्हे. तो सिक्लिड कुळातला, म्हणजे आपल्या चिलापीचा भाऊबंद. ब्राझीलमध्ये त्याला तुकुनारे म्हणतात. त्यातली सगळ्यात मोठी जात ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्यात आहे; २०१० साली तिथल्याच सांता इझाबेल गावाजवळ १३.१९ किलोचा जागतिक विक्रमी मासा मिळाला. हा दिवसा, डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे. पाणी चढलं की लहान मासळी बुडालेल्या जंगलात पसरते आणि हा तिच्या मागं जातो. पाणी उतरलं की सगळे नदीच्या कडेच्या तळ्यांत, वाळूच्या पट्ट्यांजवळ एकवटतात. तेव्हाच तो गाठता येतो.

मनाउस शहराजवळ रिओ नेग्रोची पातळी वर्षभरात साधारण दहा मीटर वरखाली होते. तिथं जूनच्या आसपास पाणी सगळ्यात वर असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळाला. नदीच्या वरच्या अंगाला, बार्सेलोस गावाच्या बाजूला हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च धरतात, तर ॲमेझॉनला दक्षिणेकडून मिळणाऱ्या नद्यांवर जुलै ते ऑक्टोबर. म्हणून टूरवाल्याला नुसतं ‘हंगाम आहे ना?’ असं विचारू नका. कोणती नदी, तिची या आठवड्यातली पातळी किती, गेल्या वर्षी याच आठवड्यात किती होती, आणि पाणी अचानक चढलं तर मुक्काम हलवता येतो का, हे चार प्रश्न विचारा. चौथ्याचं उत्तर गोलमाल आलं तर पैसे भरू नका. तरंगती बोट वर-खाली सरकू शकते, खांबांवर बांधलेला कॅम्प तिथंच राहतो. पाणी फार कमी झालं तरीही अडचणच. मनाउसला १९०२ पासून पातळीची नोंद ठेवतात. त्यातला नीचांक २०२३ मध्ये मोडला आणि २०२४ मध्ये पुन्हा मोडला. अशा वेळी बोटीच वाळूला लागतात.

दुसरी चूक हातातली आहे, आणि गळ टाकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ती हटकून होते. मासा लागला की आपण काठी वर झटकतो. फ्लायवर तसं केलंत तर लांब रॉड नुसता वाकतो, त्या कडक जबड्यात हूक रुतत नाही आणि फ्लाय पाण्याबाहेर उडते. रॉडचं टोक पाण्यालगत ठेवा आणि डाव्या हातानं लाइन, म्हणजे रॉडची दोरी, सरळ मागं ओढा, जोरात. मासा चुकला तरी फ्लाय त्याच्या पुढ्यातच राहते आणि बऱ्याचदा तो परत येऊन मारतो. याची सवय कोल्हापुरातच करा. मोकळ्या माळावर जा, हूकऐवजी लोकरीचा गोंडा बांधा, मित्राला पन्नास फुटांवर लीडरचं (लाइन आणि फ्लायच्या मधल्या पारदर्शक दोऱ्याचं) टोक धरून उभं करा. तो हिसका देईल तेव्हा रॉड न उचलता लाइन ओढायची. निदान महिनाभर, रोज. बोटांना कापडी पट्टी बांधायला विसरू नका, लाइन कातडी सोलते.

मासा फ्लायमागं येतो आणि बोटीजवळ वळून जातो? तुमचा वेग कमी पडतोय. थांबलात की त्याचा रस गेला. अजून भराभर ओढा. मासा लागला आणि बुडालेल्या लाकडांकडं सुटला, तर लाइन सोडत त्याला खेळवत बसू नका. तिथंच रोखून धरा. त्यासाठी लीडर ४० ते ५० पौंडांचा ताण सोसणारा, सरळ एकाच जाडीचा हवा. ट्राउट माशासाठीचा निमुळता लीडर इथं पहिल्याच धडकेला तुटतो. फ्लायचे केस कुरतडलेले दिसले तर ते धारदार दातांच्या पिरान्हा माशाचं काम. लीडरवरून बोट फिरवून खरचटलंय का बघा.

रॉड ९ फुटी, ८ किंवा ९ वजनाचा (हा लाइनच्या वजनाचा क्रमांक, किलो नव्हेत), चार तुकड्यांचा. लाइन उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्याची लाइन त्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते, कास्ट, म्हणजे फेक, पुढं जातच नाही. शेवटच्या टप्प्याला छोटं विमान असेल तर सामानाची वजनमर्यादा लेखी मागून घ्या.

कागदपत्रांत व्हिसा कुणी विसरत नाही. विसरतात ती यलो फिव्हरची लस. ब्राझीलहून परतताना भारतात तिचा दाखला मागतात. नसला तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो आणि पुढं आयुष्यभर चालतो. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते, त्यामुळं पुण्या-मुंबईची फेरी आधीच धरा. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीपुढं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. आपल्याकडं मरळ पिल्लांच्या तांबड्या थव्याखाली राखण करते, हे जुन्या गळकऱ्यांना ठाऊक आहे. पीकॉक बासचं जोडपंही तसंच पिल्लं राखतं. त्या वेळी ते कशावरही तुटून पडतं, म्हणून धरायला सोपं. पण पालक उचलला की मिनिटाभरात बाकीचे मासे पिल्लं संपवतात. थवा दिसला की फ्लाय दुसरीकडं टाका, आणि चुकून लागलाच तर पाण्यातच सोडवून तिथल्या तिथं सोडा. टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केलेला हूक वापरलात तर हे पटकन होतं.

परत आल्यावर फोटो बघून कुणीतरी म्हणतंच, ‘काळम्मावाडी धरणात सोडले तर काय मज्जा येईल!’ पनामातल्या गटून तलावात १९६७ च्या सुमारास हा मासा शिरला आणि काही वर्षांतच तिथल्या लहान देशी माशांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या. आजऱ्यावरून वाहत जाणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीत, बोटाएवढी एक मासळी आहे, शिस्टुरा हिरण्यकेशी. तिची ओळख जगाला २०२० साली पटली. असे अजून किती आपल्या ओढ्यांत असतील. तेव्हा शौकानं काचेच्या टाकीत पाळलेला पीकॉक बास मोठा झाला आणि सांभाळवेना, तर दुकानदाराला परत द्या. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका.