ओपीडीत 'पोट साफ होत नाही' म्हणणारा पेशंट : नव्या डॉक्टरांसाठी थोडं

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एक आजी आल्या, सारखं थोडं थोडं पातळ होतंय, कपडे खराब होतायत म्हणाल्या, मी जुलाब समजून लोपेरामाइड दिलं आणि तीन दिवसांनी त्या पोट टम्म फुगलेलं घेऊन परत आल्या. तेव्हा कुठे ग्लोव्ह घालून पीआर (गुदद्वारात बोट घालून तपासणी) केलं, तर आत मळाचा कडक गोळा गच्च बसलेला, आणि पातळ होत होतं ते त्याच्या कडेने झिरपणारं. बद्धकोष्ठतेच्या बाईला मी अजून कोंडणारं औषध दिलं होतं, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, पीआर टाळू नका, नीट समजावून, परवानगी घेऊन करा. आणि तपासताना जोर लावायला सांगा, तेव्हा स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळत असतील तर नुसते पोट साफ करायच्या औषधाचे डोस वाढवून फारसं काही होत नाही, बायोफीडबॅकसाठी (शौचाच्या वेळी स्नायू सैल सोडायला शिकवणारा सराव) पाठवा.

'साफ होत नाही' म्हणजे नक्की काय ते विचारा. कुणाला आठवड्यातून दोनदाच होते, कुणाला रोज होते पण कुंथावं लागतं. ब्रिस्टल चार्ट (मळाच्या प्रकारांच्या चित्रांचा तक्ता) समोर ठेवला की लाजणारा माणूसपण बोट ठेवून दाखवतो. औषधांची पिशवी उघडून बघाच, लोहाच्या गोळ्या, वेरापामिल (बीपीचं औषध), ट्रामाडॉल (वेदनाशामक) अशी बद्धकोष्ठता करणारी औषधं तिथेच सापडतात. गेले 3 महिने आठवड्यातून निदान 1 दिवस पोट दुखतंय, आणि ते दुखणं शौचाशी किंवा शौचातल्या बदलाशी जोडलेलं आहे, तर आयबीएसचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामातला बिघाड) विचार करा. पण शौचातून रक्त, वजन घटणं, अ‍ॅनिमिया, घरात आतड्याचा कॅन्सर किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास, यातलं एक जरी असलं तरी आधी पुढच्या तपासणीला पाठवा.

इसबगोल हळूहळू वाढवायचं, एकदम दिलं की गॅस होतो आणि पेशंट दुसऱ्या दिवशी सोडून देतो. बद्धकोष्ठतेला मला पॉलिइथिलिन ग्लायकॉल जास्त आवडतं, लॅक्ट्युलोजने आयबीएसवाल्यांचं पोट अजून फुगतं. दुखणं राहिलंच तर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम (मूळचं डिप्रेशनचं औषध), पण हे मनाच्या आजारासाठी नाही, आतड्याच्या नसा शांत करायला देतोय, हे आधीच सांगा, नाहीतर घरी जाऊन पाकिटावरचं नाव शोधतात आणि परत येत नाहीत. त्याने बद्धकोष्ठता वाढू शकते, तेही सांगून ठेवा, आणि 4 आठवड्यांनी परत बोलवा.